बांगडी, काडेपेटी आणि सातचा आकडा

माझी नजर चांगली आहे. गुडघे गेले, वरचे दात गेले, पण दहा नंबरच्या बारीक सुईत मी अजून चष्म्याशिवाय दोरा ओवते. हे पहिल्याच ओळीत लिहायचं कारण असं, की नंदुरबारात आणि आसपासच्या गावांत लोक वेगळं बोलतात, आणि ते बोलणं मीच सुरू करून दिलेलं आहे. कसं, ते पुढे येईल.

हा अंक काढणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "खाला, तुमच्या कामाबद्दल लिहा." मला सगळे खाला म्हणतात, म्हणजे मावशी. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. त्या म्हणाल्या, जसं बोलता तसं लिहा. बोलते तसं लिहिलं तर निम्मं हिंदी आणि निम्मं अहिराणी होईल. म्हणून शाळेतली मराठी आठवून लिहिते आहे. शुद्धलेखन बघायला घरात शिकलेली पोर आहे, पण तिला हे दाखवलेलं नाही.

माझं काम खाका मारायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बायका उशीच्या अभ्र्यावर, ओढणीवर, पडद्यावर भरतकाम करतात, तेव्हा कापडावर आधी नक्षी उमटलेली लागते. ती नक्षी आम्ही बटर पेपरवर पेन्सिलीने काढतो. मग कागदाखाली जाड घडीचं कांबळं घेतो आणि रेघेवर सुईने भोकं पाडत जातो, तांदळाच्या दाण्याहून कमी अंतरावर. असा भोकं पाडलेला कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ चिंधीच्या बोळ्याने वरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळे ठिपके. गडद कापड असेल तर निळीऐवजी पांढरी पूड. बाई त्या ठिपक्यांवरून दोरा नेते, आणि पहिल्या धुण्यात ठिपके निघून जातात. आमचं काम राहत नाही, तिचं राहतं. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टींचं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा खाके काढायची माझी मोठी जाऊ, जुबेदाभाभी. तिच्या हातात पेन्सिल दिली की मोर उभा राहायचा. पेन्सिल न उचलता चोच, मान, पोट, पिसारा. माझ्या हातून सरळ रेघ निघत नव्हती. मी मोर काढला तो बघून सासू म्हणाली, "तू सिर्फ सुई मार." पहिली काही वर्षं मी जुबेदाभाभीच्या मोरांना भोकं पाडत बसले. प्रत्येक भोकाला मी तिला काय म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही.

एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या मी हातातली बांगडी काढली, कागदावर ठेवली आणि गिरवली. गोल आला. बांगडी निम्मी सरकवली, पुन्हा गिरवली. दोन गोल एकमेकांत शिरले आणि मध्ये पाकळी दिसली. मग बांगडीची कड बरोबर पहिल्या गोलाच्या मध्यावर ठेवत गोल फिरत गेले. सहा वेळा ठेवली आणि सहाव्या वेळेला जिथून निघाले तिथेच येऊन पोचले. मधोमध सहा पाकळ्यांचं फूल. मी काढलंच नव्हतं ते. मी फक्त बांगडी सरकवली होती.

मग चुलीजवळची काडेपेटी घेतली. आडवी, उभी, तिरपी. कागदाची घडी कापून त्रिकोण केला. या तीन वस्तूंवर मी सगळं आयुष्य काढलं. मला चित्र सुचत नाही. मला एवढंच सुचतं, की आता बांगडी किती सरकवायची आणि काडेपेटी कितव्यांदा फिरवायची. एक आडवी, एक उभी, तिसरी तिरपी, असं ठरवायचं आणि मोडायचं नाही. कागद भरत आला की कळतं काय झालंय ते. कधी घाण होतं, फाडून टाकायचं.

जुबेदाभाभीने बघितलं आणि म्हणाली, "ये तो बच्चों का खेल है." असेल. पण नव्या शिकणाऱ्या पोरींना मोराची मान भरता येत नाही, ती बदकाची होते. गोल आणि चौकोन कुणालाही भरता येतो. दोन वर्षांत गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. जुबेदाभाभी वारली तेव्हा मी रडले, पण तिचे मोर मी पेटीत तळाशी ठेवले ते आजही तळाशीच आहेत.

खापर गावाकडचा एक शेतकरी आठवतो. नवीन ट्रॅक्टर घेतला होता आणि पोरीच्या रुखवतात उशीवर ट्रॅक्टर पाहिजे म्हणून आला. जुबेदाभाभीने काढला तो म्हशीसारखा दिसला. मी थोरल्या बांगडीने एक चाक केलं, पोराच्या वाळ्याने दुसरं, वर काडेपेटी उभी, पुढे काडेपेटी आडवी. तो कागदाकडे बघत बसला.

"खाला, मांगलं चाक मोठं ऱ्हास. हाई तं बैलगाडी व्हई गई."

मी भाकरीची थाळी घेऊन चाक केलं. मग तो म्हणाला नंबर पण टाक. मी म्हटलं, नंबर टाकला तर नवरामुलगा ट्रॅक्टरच मागेल. त्याने नंबर नको म्हणून सांगितलं.

रुखवत म्हणजे काय ते सांगायला नको. मुलीच्या हातचं काम मांडवात मांडतात, वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू उचलून उलटी करून बघतात. तापीकाठच्या गुजर घरांत त्यात चाकळा लागतो. चाकळा म्हणजे भिंतीवर टांगायचं चौरस भरतकाम, आरसे लावलेलं. रुखवतातली सगळ्यात मोठी वस्तू. म्हणून तिच्यासाठी माझा एक नियम होता. बाकीचे खाके शंभर वेळा वापरावेत, चाकळ्याचा खाका एकदाच. नक्षी कापडावर उमटली की मी तो गिऱ्हाईकासमोर उभा फाडायचे. निम्मा तिच्या हातात, निम्मा माझ्या चुलीत. दुसऱ्या घरात ती नक्षी जाणार नाही, हा त्याचा अर्थ. लोक त्यासाठीच माझ्याकडे यायचे.

आता सायमा. जुबेदाभाभीची नात. इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. लॉकडाऊनच्या काळात घरात बसून तिने लॅपटॉपवर नक्ष्या काढायला सुरुवात केली. काढायला म्हणते, पण ती काही काढत नव्हती. इंग्रजीत ओळी लिहायची, दहा-पंधरा, आणि बटन दाबायची. पडदा भरून जायचा.

"क्या लिखती है इसमें?" मी विचारलं.

"तीन ही बातें, छोटी दादी. एक चौकोन बना. उसमें तिरछी लकीर खींच. एक बाजू काली कर. फिर ऐसे खाने बाजू-बाजू में लगाते जा, और हर खाने को कैसा घुमाना उसकी मशीन चिठ्ठी निकालती है."

चौकोनात एक काळा त्रिकोण. तो चार तऱ्हांनी बसतो. एवढंच. माझ्याकडे बांगडी तरी होती. तिने बटन दाबलं, एक नक्षी. पुन्हा दाबलं, दुसरी. मी चहा पिईपर्यंत तिने चाळीस दाखवल्या. त्यांतल्या पाच-सहा अशा होत्या की मी आठवडा बसले असते तरी झाल्या नसत्या. मी म्हटलं, चांगल्या आहेत. रात्री जेवले नाही. सुनेला वाटलं पोट बिघडलं.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. जुबेदाभाभीवर जळले तेव्हा मला बांगडी तरी सापडली. हिच्यावर जळून मला काही सापडत नव्हतं. आणि पोर वाईट नव्हती. रोज येऊन विचारायची, "छोटी दादी, बांगडी कितनी सरकाते? आधी या पाव?" मी म्हणायचे, अंदाजाने.

दिवाळीच्या आधी सुभद्राबाई आल्या. तापीकाठच्या पाटलीण, त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा चाकळा माझ्याच खाक्यावर भरलेला.

"खाला, मन्ही पोरनं लगीन शे फागुनमा. चाकळा असा दे का गावमा कोनी दखेल नही पाहिजे."

मी बांगडी काढली. तेवढ्यात त्यांची नजर सायमाच्या पडद्यावर गेली. सायमाने लॅपटॉपचं झाकण नुकतंच उघडून पहिल्यांदा बटन दाबलं होतं, लाल-काळ्या रंगात.

"हाई काय व, पोर?"

सायमाने सांगितलं. सुभद्राबाई जवळ सरकल्या, पडद्याला नाक लागेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाईच दे माले. खाला, तुन्ही बांगडी आते ऱ्हाऊ दे."

मी बांगडी हातात घातली.

सायमाने नक्षीचा एक कोपरा झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला. बटर पेपरची चार घडी करून एकदा सुई मारली की चारही कोपरे आरशासारखे सारखे येतात, ते काम माझं. सुई मारताना पाचव्या ओळीत मी थांबले. तीन त्रिकोण डावीकडे झुकलेले आणि चौथा उलटा, रांगेतल्या एका पोराने मागे वळून बघावं तसा. मी सायमाला म्हटलं, हा चुकलाय, सरळ करते. ती म्हणाली, "नको, छोटी दादी. वही तो मजा है." सुभद्राबाईंनाही नेमका तोच आवडला होता. मी तसाच ठेवला. कापडावर नीळ फिरवली, खाका फाडला, निम्मा त्यांच्या हातात दिला.

पंधरा-वीस दिवसांनी मंजुळाबाई आल्या. सुभद्राबाईंच्या चुलत जाऊ. एकाच गावात, एकाच गल्लीत, आणि दोघींचं एकमेकींशी कसं आहे ते अख्ख्या तालुक्याला माहीत. त्यांच्याही मुलीचं लग्न फाल्गुनातच, सुभद्राबाईंच्या आधी चार दिवस.

"सुभद्राले काय दिधं ते माले सांगू नको," त्या म्हणाल्या. "माले फक्त तिन्हापेक्षा भारी दे."

सायमाने झाकण उघडलं, हिरवा-पिवळा रंग लावला, बटन दाबलं. मंजुळाबाईंना पहिलीच पसंत पडली. कागद आला. मी चार घडी केली आणि सुई मारायला बसले.

पाचव्या ओळीत तीन त्रिकोण डावीकडे झुकलेले आणि चौथा उलटा.

पहिला खाका फाडलेला होता, ताडून बघायला काही नव्हतं. मला ताडून बघायची गरजही नव्हती. ज्याच्याशी आपण भांडलो तो चेहरा विसरत नाही. सायमाला कळलं नव्हतं, कारण ती रंग बघत होती. खाक्याला रंग नसतो, आम्ही आकार बघतो.

सायमा आत चहा टाकत होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अगं, ही तीच आहे. ती आली असती, पुन्हा बटन दाबलं असतं, दुसरी आली असती. मी सुई पुढे चालवली. सहावी ओळ, सातवी ओळ. मनात आलं ते लिहिते. मनात आलं, पडू दे तोंडावर. कळू दे लोकांना, बटनाचं काम ते बटनाचं. कापडावर नीळ फिरवली, मंजुळाबाईंसमोर खाका उभा फाडला आणि निम्मा त्यांच्या हातात दिला. तो फाडताना हात थरथरला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. थरथरला नाही.

दोन्ही पोरींनी हिवाळाभर चाकळे भरले.

मंजुळाबाईंच्या घरचं लग्न झालं तेव्हा सुभद्राबाई आपल्या घरच्या तयारीत होत्या, रुखवत बघायला गेल्या नाहीत. चार दिवसांनी मंजुळाबाई मात्र सुभद्राबाईंच्या मांडवात गेल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, रंग दुसरे पण नक्षी तीच बघितली आणि वरपक्षाच्या बायकांदेखत म्हणाल्या, "मन्हा चाकळा अठे कोनी टांगा?" मग दोघींनी एकमेकींना चोर म्हटलं. वरपक्षाच्या बायका हसल्या. आणि सुभद्राबाईंच्या मुलीने, हळदीच्या हाताने, स्वतः उठून चाकळा भिंतीवरून उतरवला आणि गुंडाळून ठेवला. चार महिन्यांचं काम. हे मला सुभद्राबाईंनी सांगितलं, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, माझ्या ओट्यावर बसून. मांडीवर ते गुंडाळलेलं कापड होतं.

मिरचीचे दिवस होते. शहराबाहेर लाल मिरची वाळत पडलेली, वारा सुटला की सगळ्या नंदुरबारच्या डोळ्यांतून पाणी. माझ्याही.

सायमा खोलीतून लॅपटॉप घेऊन आली. तिने आधीच शोधून काढलं होतं. तिने सगळं सरळ सांगितलं, सुभद्राबाईंना आणि मला. मशीनला मनाने काही सुचत नाही. तिला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्या आकड्यावरून ती हिशोब करत चिठ्ठ्या काढते. आकडा तोच, तर चिठ्ठ्या त्याच, नक्षी तीच. दर वेळी नवा आकडा द्यायचा असतो.

"मैंने जाँचने के लिए सात लिख के रखा था," ती म्हणाली. "निकालना भूल गई. इसलिए झाकण उघडलं की पहली डिझाईन हर बार वही. गलती मेरी है, काकी. छोटी दादीने सिर्फ सुई मारी."

मला ते लगेच समजलं. पहिली बांगडी जिथे ठेवाल तिथून पुढचं सगळं ठरतं. तिची मशीन आणि मी, दोघी तशाच.

सुभद्राबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"खाला, ती पोर कालनी शे. मी तिले वळखत नही, तुले वळखस. दोन्ही कापडं तुन्हा हातखालतून गयात. तुले दिसनं नही का व?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, पडलं तर सायमाचं नाव पडेल. सायमाला कोण ओळखत होतं? खाका फाडून शब्द मी देत होते.

डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. मी पदराने पुसलं आणि म्हटलं, "नजर कमी व्हई गई, सुभद्राबाई. आते बारीक दिसत नही."

त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. मग मऊ झाल्या, आणि ते मला शिवीपेक्षा वाईट लागलं. "मंग तसं सांगानं व्हतं, माय," म्हणाल्या. चाकळा घेऊन गेल्या.

आठवडाभरात सगळीकडे झालं, खालाची नजर गेली. खांडबाऱ्याच्या बाजारात कापडवाला माझ्या सुनेला म्हणाला, आता आराम करू द्या त्यांना. पोरी यायच्या त्या दारातूनच विचारायच्या, "खाला, दिसस ना?" आणि उत्तर ऐकून न घेता सायमाकडे जायच्या. सायमाचं काम बंद पडलं नाही. तिने सात काढून टाकला, प्रत्येक नक्षीखाली तिचा आकडा लिहायला लागली आणि वापरलेला आकडा पुन्हा वापरत नाही. मी खाका फाडायचे, ती आकडा खोडते. हे तिने माझ्याकडून घेतलं आणि मला विचारलंही नाही. भोकं आता तिची आई मारते, अंतर जास्त ठेवते. मी बघते आणि गप्प बसते, कारण मला दिसत नाही.

सायमाने डोळ्यांच्या शिबिरात माझं नाव घातलं. मी गुडघे पुढे केले, गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर दोन कागद ठेवले. दोन्हींवर वीस ओळी, ओळीत वीस चौकोन, चौकोनात एक काळा त्रिकोण.

"छोटी दादी, दोन्ही सारखे आहेत. फक्त एका कागदात एकच त्रिकोण घुमाया है. चार सौ में से."

मला कळत होतं काय म्हणायचं ते. म्हणायचं, मला कसं दिसणार, बेटा. मी विचारलं, "तेरी मशीन ढूँढती है क्या?"

"मशीन तो एक पल में बताती है."

मी बोट ठेवलं. उजवीकडच्या कागदावर, चौदाव्या ओळीत, कडेपासून तिसरा. चहाची वाफ अजून निघत होती.

सायमाने बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मंजुळाकाकी का कागज भी ऐसेही दिखा होगा ना?"

मी बोट काढलं. तिने दोन्ही कागद उचलले, नीट घडी केली. "चाय पियो, छोटी दादी. ठंडी होती," म्हणाली आणि गेली. ओरडली नाही. माझ्या सुनेला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, आज वर्ष होत आलं, कुणालाच नाही. मी तिच्या जागी असते तर त्याच संध्याकाळी गल्ली गोळा केली असती. एवढं पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. त्याचाही हेवा वाटतो, तो सगळ्यात जास्त.

हा अंक तापीकाठच्या गावांत जातो, वाचनालयात ठेवतात, सुभद्राबाई वाचतात. म्हणून लिहिलं. सुभद्राबाई, मला दिसलं होतं. पाचव्या ओळीतच दिसलं. तुमच्या जावेने चोरी केली नाही, तुम्ही केली नाही. पोर विसरली आणि मी गप्प बसले. मंजुळाबाईंना हे वाचून दाखवा, दाखवणार नाही माहीत आहे, तरी दाखवा. मुलीला सासरी कळवा.

तिला चाकळा पुन्हा भरायचा असेल तर कापड पाठवा. खाका मी काढीन, बांगडीचा. आणि तुमच्यासमोर फाडीन.